पट एक, खेळ दोन : लिझी मॅगीचा ‘लँडलॉर्ड्स गेम’

‘व्यापार’ खेळताना पटाची एक फेरी पुरी झाली की बँक पैसे देते. कशाबद्दल देते, हे कुणी विचारत नाही. ज्या ‘मोनोपॉली’वरून आपला व्यापार आला, तिच्या त्या कोपऱ्यात नुसतं ‘गो’ लिहिलेलं असतं आणि २०० डॉलर हातात पडतात. पण या सगळ्या खेळांचा जो मूळ पट, त्यावर १९०४ साली त्याच कोपऱ्यात पूर्ण वाक्य होतं : ‘धरणीमातेवर केलेल्या श्रमातून मजुरी निर्माण होते.’ फेरी पुरी करणं म्हणजे जमिनीवर राबणं, आणि मिळणारे १०० डॉलर ही त्या राबण्याची मजुरी. ती मजुरी पुढच्या फेरीत कोण कोण कशी काढून घेतं, हे दाखवण्यासाठी सगळा पट आखलेला होता.

तो आखला एलिझाबेथ मॅगी या बाईने. सगळे तिला लिझी म्हणत. अर्ज २३ मार्च १९०३ चा, पेटंट मिळालं ५ जानेवारी १९०४ ला, क्रमांक ७,४८,६२६, खेळाचं नाव ‘द लँडलॉर्ड्स गेम’, म्हणजे जमीनदाराचा खेळ. मोनोपॉलीचा शोध चार्ल्स डॅरोने मंदीच्या काळात लावला, ही गोष्ट पुढे कित्येक वर्षं खोक्यासोबत विकली गेली. डॅरोचं पेटंट ३१ डिसेंबर १९३५ चं. मधे जवळजवळ ३२ वर्षं आहेत.

लिझीचा हक्क डावलला गेला, ही तक्रार खरीच आहे आणि आता बऱ्यापैकी माहीतही झाली आहे. पण मला जास्त सलतं ते वेगळंच. तिच्या पटाला दोन नियमावल्या होत्या : एक समोरच्याला दिवाळखोर करून जिंकण्याची, दुसरी भाडं सार्वजनिक तिजोरीत टाकून सगळ्यांनी मिळून जिंकण्याची. त्यातली एकच जगभर गेली आणि जिच्यासाठी तिने हा खेळ केला, ती दुसरी गळून पडली. म्हणून या लेखाच्या शेवटी तो दुसरा डाव घरी कसा मांडायचा, तेही मापांसकट दिलं आहे.

लिझीचा जन्म ९ मे १८६६ चा, इलिनॉय राज्यातल्या मकोम गावचा. वडील जेम्स मॅगी वर्तमानपत्र चालवायचे, गुलामगिरीच्या विरोधात होते, आणि १८५८ च्या गाजलेल्या लिंकन-डग्लस वादसभांच्या वेळी लिंकनबरोबर फिरले होते. त्यांनीच मुलीच्या हाती हेन्री जॉर्ज या अमेरिकन अर्थविचारवंताचं ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ हे १८७९ चं पुस्तक दिलं. लिझी पुढे वॉशिंग्टनजवळ राहिली. लघुलेखनाचं काम केलं, पत्ता न लागणाऱ्या पत्रांच्या सरकारी कचेरीत नोकरी केली, कविता-कथा लिहिल्या, रंगमंचावर विनोदी भूमिका केल्या, आणि स्वतःच्या पैशांतून स्वतःचं घर घेतलं. खेळाच्या दहा वर्षं आधी, १८९३ मध्ये, तिने टाइपरायटरच्या रुळांतून कागद सहज सरकावा यासाठी केलेल्या सुधारणेचं पेटंट घेतलं होतं. त्या काळी अमेरिकेतल्या पेटंटांत बायकांचा वाटा शंभरात एकसुद्धा नव्हता. देशभर बायकांना मताचा हक्क मिळाला तो १९२० मध्ये. ज्या बाईला मत देता येत नव्हतं, तिने करपद्धतीवरचं आपलं मत पटावर मांडलं.

हेन्री जॉर्जचं म्हणणं थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर पट कळत नाही. अर्थशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत रिकार्डोचा खंड (म्हणजे जमिनीचं भाडं) सिद्धांत असतो, जॉर्ज तिथूनच निघतो. गावाजवळून रस्ता गेला, शेजारी बाजार उभा राहिला, की मोकळ्या पडलेल्या जमिनीचाही भाव चढतो. मालकाने तिथे एक वीटसुद्धा ठेवलेली नसते. भाव चढवला तो गावाने, मिळकत मात्र मालकाची. जॉर्ज म्हणाला, हा जमिनीचा खंड सरकारने कर म्हणून घ्यावा आणि श्रमांवरचे, मालावरचे, इमारतींवरचे बाकी सगळे कर काढून टाकावेत. म्हणून या चळवळीला ‘एकच कर’ चळवळ म्हणत. जमीन काढून घ्यायची नाही, तिचा खंड घ्यायचा, ही त्यातली नेमकी गोष्ट. खेळातही हाच फरक लोक चुकवतात, त्याबद्दल पुढे येईलच.

आता पट बघू. चौरस पट, चार कोपरे, प्रत्येक बाजूला नऊ घरं, एकूण ४०. प्रत्येक बाजूच्या बरोबर मधे रेल्वे. मोनोपॉलीचा पट उघडून मोजलंत तर हीच रचना सापडेल, रेल्वेच्या जागांसकट. त्याआधीचे बहुतेक छापील पट एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपायचे. इथे मात्र फेरी संपत नाही, पुन्हा त्याच जागेवरून जावं लागतं, आणि दर खेपेला तिथला मालक हात पुढे करून बसलेला असतो. हा गोल फिरणारा पट हा केवळ आखणीचा भाग नव्हता, भाडं म्हणजे काय ते समजावण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग होता.

एका कोपऱ्यात ‘प्रवेश बंद, तुरुंगात जा’. त्या जागेचा मालक लंडनचा लॉर्ड ब्लूब्लड, जो पटावर कधी दिसतही नाही. तिथे पाऊल पडलं की तुरुंग, आणि सुटका हवी तर फाशांवर जोडी पडायला हवी किंवा ५० डॉलर दंड. आजच्या पटावर तुरुंगाकडे बोट दाखवणारा पोलीस आहे, पण गुन्हा कोणता ते कुठे लिहिलेलं नाही. लिझीच्या पटावर गुन्हा स्पष्ट होता : दुसऱ्याच्या रिकाम्या जमिनीवर पाय ठेवला. आणखी एका कोपऱ्यात सार्वजनिक बाग, जिथे थांबायला पैसे पडत नाहीत. तीच पुढे ‘फ्री पार्किंग’ झाली. आणि बागेला लागून अनाथ-कंगालांचं घर. पैसे संपले, गहाण टाकायलाही काही उरलं नाही, की सोंगटी तिथे.

बाजूच्या घरांत निळी घरं अत्यावश्यक गरजांची. भाकरी, कोळसा, निवारा, कपडे. तिथे थांबलात की पाच डॉलर सरकारी तिजोरीत. पेटंटच्या मजकुरात तिने याला सरळ अप्रत्यक्ष कर म्हटलं आहे. पिवळी घरं मक्त्यांची. दिवाबत्तीची कंपनी ‘सोकम’ आणि ट्रामची ‘स्लॅमबँग’ ही नावं पुढच्या आवृत्तीत ठळक झाली. लुबाडणूक आणि दणादण, असाच त्यांचा सूर. मक्ता ज्याच्या हाती, तो बाकीच्यांकडून पाच-पाच डॉलर वसूल करतो. रेल्वेचं भाडंही पाच डॉलर. पण जोडी पडली तर ‘पास’ मिळतो आणि एका रेल्वेवरून दुसऱ्या रेल्वेवर फुकट उडी मारता येते. त्या काळी रेल्वे कंपन्या पुढाऱ्यांना, वजनदार माणसांना फुकट पास वाटायच्या, हे ठाऊक असलं की त्या नियमाची धार कळते. कर्ज घेतलं तर शंभराला पाच व्याज, आणि ते द्यायची वेळ कोणती? मजुरी हातात पडते ती.

१९०२ च्या शरद ऋतूत, पेटंटच्याही आधी, ‘सिंगल टॅक्स रिव्ह्यू’ या नियतकालिकात तिने लिहिलं की आजच्या जमीन बळकावण्याच्या पद्धतीचं, तिच्या नेहमीच्या सगळ्या परिणामांसह, हे प्रत्यक्ष प्रात्यक्षिक आहे. मुलांना एकदा हा अन्याय स्वच्छ दिसला की मोठेपणी ती तो दूर करतील, असा तिचा विश्वास होता.

१९०६ मध्ये न्यू यॉर्कच्या इकॉनॉमिक गेम कंपनीने हा खेळ छापला, त्या कंपनीत लिझी स्वतः भागीदार होती. त्याच सुमारास तिने वर्तमानपत्रात एक जाहिरात दिली, तिची देशभर चर्चा झाली : ‘तरुण अमेरिकन गुलाम स्त्री’ विकणे आहे, जास्तीत जास्त बोली लावणाऱ्यास. आठवड्याला १० डॉलरवर टंकन करून जगणाऱ्या बाईची अवस्था लोकांना दाखवायची होती. मुली यंत्रं नाहीत, त्यांना मन असतं, इच्छा असतात, असं तिने नंतर स्पष्ट सांगितलं. तिची काम करायची रीत यातूनही दिसते. मुद्दा समजावून सांगण्यापेक्षा समोरच्याला त्यात उभं करायचं, मग तो आपणच ओरडतो.

खेळ पसरला तो दुकानांतून कमी, हातोहात जास्त. डेलावेअरमधलं आर्डन हे गाव १९०० मध्ये एकच कर मानणाऱ्या मंडळींनीच वसवलं. तिथली जमीन गावाच्या सामाईक मालकीची, राहणाऱ्यांना ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते. तिथे हा खेळ घरोघर चालायचा. स्कॉट निअरिंग तिथे राहायचा आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायचा. त्याने तो विद्यार्थ्यांपर्यंत नेला. तिथून तो पूर्वेकडच्या महाविद्यालयांत फिरला. पोरं मेणकापडावर पट आखायची, रस्त्यांना आपल्या शहराची नावं द्यायची, नियम तोंडी सांगायची. याच तोंडी प्रवासात खेळाचं नाव ‘मोनोपॉली’, म्हणजे मक्तेदारी, असं पडत गेलं. आणि याच प्रवासात दुसरी नियमावली गळाली. कारण समजण्यासारखं आहे. तोंडी सांगताना माणूस रंगतदार भाग आधी सांगतो, आणि समोरच्याला दिवाळखोर करणं हे रंगतदार असतंच.

१९०४ चं पेटंट १७ वर्षांनी, १९२१ मध्ये संपलं. लिझीने सुधारलेल्या पटाचं नवं पेटंट घेतलं, २३ सप्टेंबर १९२४, क्रमांक १५,०९,३१२. आता ती एलिझाबेथ मॅगी फिलिप्स होती. लग्न १९१० मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी झालं होतं. ही १९२४ ची तारीख पुढे फार महत्त्वाची ठरते.

इंडियानापोलिसमध्ये हा खेळ शिकलेली रूथ हॉस्किन्स ही क्वेकर या ख्रिस्ती पंथाची शिक्षिका १९२९ मध्ये अटलांटिक सिटीत शिकवायला गेली. तिथल्या क्वेकर मित्रमंडळींनी पटावर आपल्या शहरातले रस्ते आणले : बोर्डवॉक, पार्क प्लेस, बाल्टिक. तोवर जागा लिलावाने विकल्या जायच्या. जेसी रेफर्डने प्रत्येक जागेवर पक्की किंमत लिहिली. त्याच्या भावाकडून फिलाडेल्फियाजवळचा चार्ल्स टॉड हा खेळ शिकला. आपला पट आखताना टॉडने ‘मार्व्हन गार्डन्स’ या वस्तीचं नाव ‘मार्व्हिन’ असं चुकीचं लिहिलं. १९३२ मध्ये टॉडने आपल्या ओळखीच्या डॅरो दांपत्याला हा खेळ शिकवला. डॅरोने नियम लिहून मागितले, ते टॉडच्या सेक्रेटरीने टंकून दिले. डॅरोच्या पटावर ‘मार्व्हिन गार्डन्स’ आलं ते त्याच चुकीसकट, आणि आजही छापलं जातं. नक्कल ओळखायला शिक्षक दोन उत्तरपत्रिकांत तीच चूक शोधतात, तसंच हे.

डॅरो बेकार होता, घर चालवायचं होतं, हे खरं. पट सुबक करून विकण्याचं श्रेय त्याचंच. पण ‘हे माझ्या डोक्यातून आलं’ हे त्याचं म्हणणं खरं नव्हतं. पार्कर ब्रदर्स या खेळ छापणाऱ्या कंपनीने १९३४ मध्ये खेळ नाकारला, फिलाडेल्फियात तो खपतोय हे बघून मार्च १९३५ मध्ये घेतला. मग कंपनीच्या लक्षात आलं की १९२४ चं पेटंट अजून जिवंत आहे, १९४१ पर्यंत चालणार आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये कंपनीचा म्हातारा संस्थापक जॉर्ज पार्कर स्वतः लिझीच्या घरी व्हर्जिनियात गेला. ५०० डॉलरला पेटंट घेतलं. खपावर रॉयल्टी नाही. तिचे आणखी खेळ छापायचं आश्वासन. लिझी खूश होती. आपला विचार आता मोठ्या कंपनीमार्फत घरोघर जाईल असं तिला वाटलं. तिने त्या वेळी लिहिलेल्या पत्रात खेळाला ‘माझ्या बुद्धीचं लाडकं अपत्य’ म्हणून निरोप दिला आणि ‘माझ्यापेक्षा तुझं जास्त भलं करेल अशा हाती देते आहे’ असं म्हटलं. लेकीची पाठवणी करावी तसं ते पत्र आहे, ते वाचून गलबलतं. त्यानंतर महिन्या-दीड महिन्यात डॅरोचं पेटंट मंजूर झालं.

जानेवारी १९३६ मध्ये तिने वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्रांना मुलाखती दिल्या, ‘इव्हनिंग स्टार’मध्ये आपले जुने पट हातात धरलेला तिचा फोटो छापून आला. वकील, छपाई, पेटंट कचेरीची फी हे सगळं धरलं तर मिळालं त्यापेक्षा गेलं जास्त, असा हिशेब तिने मांडला. पार्करने तिचा ‘लँडलॉर्ड्स गेम’ १९३९ मध्ये काढला खरा, पण तो चालला नाही. १९४८ मध्ये ती वारली. डॅरो लक्षाधीश झाला.

हे सगळं उघडकीस आलं ते एका दाव्यामुळे. सॅन फ्रान्सिस्कोचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक राल्फ आन्सपाक यांनी १९७३ मध्ये ‘अँटी-मोनोपॉली’ हा खेळ काढला. मोनोपॉलीवाल्यांनी नावावरून दावा गुदरला. बचावासाठी आन्सपाक यांनी डॅरोच्या आधी हा खेळ खेळलेली म्हातारी माणसं एकेक करून शोधली, त्यांत टॉडही होता. मधल्या काळात न्यायालयाच्या हुकमावरून त्यांच्या खेळाचे हजारो खोके मिनेसोटात कचऱ्याच्या खड्ड्यात पुरले गेले, तरी ते हटले नाहीत. १९८२ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवायला नकार दिला. लिझीची दोन्ही पेटंटं पुन्हा उजेडात आली ती या कागदपत्रांतून.

आता घरचा पट. ही मूळ पटाची हुबेहूब नक्कल नाही. नियम तिचे, आकडे आपल्या सोयीचे आणि हिशेब दिसेल असे बेतलेले.

मोठा ड्रॉइंग पेपर घ्या आणि ४८ सेंटीमीटरचा चौरस कापा. चारी कोपऱ्यांत ६ बाय ६ ची घरं आखा. मधे प्रत्येक बाजूला ३६ सेंटीमीटर उरतात, त्यात ४ सेंटीमीटर रुंदीची नऊ घरं बसतात. नववीतल्या मुलाकडून आखून घेतलंत तरी चालेल, फक्त कागद गुळगुळीत पुठ्ठ्यावर चिकटवून घ्या, नाहीतर दोन डावांत कडा वळतात आणि सोंगट्या घसरतात. कोपरे क्रमाने : धरणीमाता, तुरुंग, सार्वजनिक बाग व कंगालघर, लॉर्ड ब्लूब्लडची जमीन. प्रत्येक बाजूचं पाचवं घर रेल्वेचं. प्रत्येक बाजूला दोन घरं गरजांची, म्हणजे एकूण आठ : भाकरी, कोळसा, निवारा, कपडे, प्रत्येकी दोनदा. समोरासमोरच्या दोन बाजूंना एकेक कंपनी, दिवाबत्ती आणि ट्राम. उरली २२ घरं, ते प्लॉट. मूळ पटावरची चैनीची आणि वारशाची घरं मी मुद्दाम वगळली आहेत. वारशाचे १०० डॉलर अवचित आले की हिशेब झाकोळतो.

प्लॉटचे ११ भाव ठेवा, प्रत्येक भावाचे दोन प्लॉट : २५, ५०, ७५ असे वाढत २७५ पर्यंत. भाडं किमतीच्या एक पंचमांश, म्हणजे ५ पासून ५५ पर्यंत. स्वस्त प्लॉट धरणीमातेनंतर लगेच, महाग शेवटी. नावं तिच्या पटावरची घ्या : लोन्ली लेन, पॉव्हर्टी प्लेस, ईझी स्ट्रीट. किंवा आपल्या गावची द्या, तिथल्या खेळाडूंनीही तेच केलं होतं.

भाडं एक पंचमांशच का? दोन फाशांची सरासरी ७, म्हणजे ४० घरांच्या फेरीला सुमारे ५.७ दानं लागतात. ४० पैकी २२ घरं प्लॉटची, तेव्हा फेरीत तीनाहून थोडे जास्त प्लॉट लागतात. सरासरी भाडं ३०. म्हणजे सगळे प्लॉट विकले गेल्यावर ज्याच्याकडे एकही नाही, त्याला फेरीला सुमारे ९४ भाडं पडतं. गरजांचे ६, रेल्वेचे ३, कंपन्यांचे दीड. एकूण १०४. मजुरी १००. भाडं दहावा हिस्सा ठेवलं तर ४७ च जातात, भूमिहीनसुद्धा आरामात फिरत राहतो आणि खेळाचा मुद्दाच बोथट होतो. घरी केलेल्या पटांत सर्वांत जास्त वेळा चुकते ती हीच गोष्ट.

चार भिडूंसाठी नोटा : १०० च्या ४०, ५० च्या २०, २० च्या ३०, १० च्या ४० आणि ५ च्या ४०. प्रत्येकाला ५०० द्यायचे : १०० च्या तीन, ५० च्या दोन, २० च्या दोन, १० च्या चार, ५ च्या चार. प्लॉटच्या २२ आणि कंपन्यांच्या दोन चिठ्ठ्या. शिवाय एक वेगळी डबी, तिच्यावर ‘सार्वजनिक तिजोरी’ असं लिहा. बँक आणि तिजोरी एकत्र केली की दुसरा डाव मांडताच येत नाही.

पहिल्या सहा फेऱ्या जमीनदाराच्या नियमांनी खेळा. धरणीमाता ओलांडली की १०० मजुरी. मोकळ्या प्लॉटवर थांबलात तर विकत घ्या, दुसऱ्याचा असेल तर भाडं द्या. कंपनीच्या घरावर पहिला थांबेल त्याला ती फुकट मिळते आणि तो पुढे सगळ्यांकडून पाच वसूल करतो. रेल्वेचे पाच बँकेत, गरजांचे पाच तिजोरीत. जोडी टाकून रेल्वेवर आलात तर फुकट उडी. कर्ज फक्त प्लॉट गहाण ठेवून, फेरीला शेकडा पाच व्याजाने. सगळं संपलं की कंगालघर. तिथे बसलेल्याला दया येऊन कुणी उधार देऊ नये. घरच्या डावात आजी हमखास देते, आणि मग डाव तिथेच मोडतो. तिजोरीत या सहा फेऱ्यांत जे साठतं ते तसंच राहू द्या.

सहाव्या फेरीनंतर थांबा. प्रत्येकाचे रोख पैसे कागदावर लिहा आणि आता डाव न मोडता नियम बदला. लिझीच्या मूळ नियमांतही हा बदल चालू डावात करता यायचा. प्लॉटच्या चिठ्ठ्या ज्याच्या त्याच्याकडेच राहतात. फक्त भाडं मालकाला न देता तिजोरीत टाकायचं, आणि आपल्याच प्लॉटवर थांबलेल्या मालकानेही टाकायचं. इथे काही जण प्लॉट जप्त करतात, ते चूक. खंड सार्वजनिक, ताबा खासगी, हीच तर जॉर्जची कल्पना. नंतरच्या आवृत्तीत प्लॉटवर इमारती असायच्या, तेव्हाही जमिनीचं भाडं तिजोरीत आणि इमारतीचं मालकाकडे जायचं.

मूळ नियमांत तिजोरीत ५० डॉलर जमले की एक पायरी पुढे जायचं. आपली भाडी चढी आहेत, म्हणून १०० धरा. पहिल्या १०० ला दिवाबत्तीची कंपनी सार्वजनिक होते, तिथे पैसे पडणं बंद. दुसऱ्याला ट्राम. मग एकेक करून चार रेल्वे. मग लॉर्ड ब्लूब्लडची जमीन. त्यानंतरच्या प्रत्येक १०० ला सगळ्यांची मजुरी दहाने वाढते. प्रत्येक पायरीचे १०० डबीतून बँकेत भरायचे. चार भिडू मिळून फेरीला सुमारे ३७७ भाडं भरतात, म्हणजे दोन फेऱ्यांत सातही पायऱ्या होतात आणि तिसऱ्या फेरीपासून मजुरी फेरीमागे तीस-चाळीसने चढू लागते.

हा डाव कुणी एकटा जिंकत नाही. सर्वांत कमी पैसे असलेल्याची रक्कम दुप्पट झाली की सगळे जिंकले. १९३२ च्या आवृत्तीत याचं नाव ‘प्रॉस्पेरिटी’, म्हणजे भरभराट. कंगालघरात बसलेल्याकडे शून्य असेल तर शून्याची दुप्पट शून्यच, तेव्हा त्याचं लक्ष्य २०० ठरवून घ्या. साधारण पाच फेऱ्यांत तो तिथे पोचतो. पहिल्या दोन फेऱ्यांत मात्र कुणालाच फारसा फायदा दिसत नाही, मोठा मालक कुरकुरतो आणि मुलं कंटाळतात. तिथे डाव सोडू नका. दोन्ही डाव उलट्या क्रमाने खेळलात तरी परिणाम जातो, कारण भाड्याचा चटका बसल्याशिवाय तिजोरीत पडणाऱ्या नोटांकडे कुणी बघत नाही.

एक चिठ्ठी आधीच कापून तिजोरीच्या डबीत ठेवून द्या, ६ बाय ६ सेंटीमीटरची, कोपऱ्याच्या मापाची. सातवी पायरी आली की ‘प्रवेश बंद, तुरुंगात जा’ हा कोपरा तिने झाकायचा. तिच्यावर लिझीच्या नियमाप्रमाणे लिहायचं : मोफत कॉलेज.